खडूची गाडी

शिरोलीच्या शेडमध्ये, वेल्डिंगच्या ठिणग्यांपासून जरा लांब,
बशीर मुजावरनं फरशीवर खडूनं आमची गाडी काढली आहे.
लांबी साडेचौदा फूट, रुंदी सहाला दोन बोटं कमी.
"दार हितं, सिस्टर. या आत."
भिंत नाही, छत नाही,
तरी आत शिरताना हे डोकं वाकवतात.

बशीरचं एकच पालुपद: दिवसा सोफा, रात्री पलंग.
"टेबल खाली घ्यायचं, ह्यो पट्टा वढायचा,
तीन गाद्या अशा फिरवायच्या, चौथी तशी,
विषय हार्ड!
पुण्याच्या पार्टीला असंच करून दिलं. पार्टी लई खूश."
पार्टीचं वय काय?
"असंल की पस्तिशीचं."

एकतीस वर्षं मी सीपीआरला पलंग केले.
चादरीचा कोपरा पाकिटासारखा दुमडायचा,
मेट्रन त्यावरून बोट फिरवायची, बोलायची नाही,
फक्त पुढच्या पलंगाकडे जायची. तीच शाबासकी.
माणूस झोपलेला असताना चादर बदलली आहे,
त्याला कुशीवर घेऊन, त्याची झोप न मोडता.
बशीरच्या आईखालची कितीदा.
आणि आता घरच्या पलंगाचा भिंतीकडचा कोपरा
शनिवारी एकदा,
गुडघ्यावर चढून, कण्हत,
तोही नीट बसत नाही.

ड्रायव्हरच्या डोक्यावर माळा काढू का, विचारतो.
शिडी लावून.
हे माझ्याकडे बघतात, मी त्यांच्या गुडघ्याकडे.
माळा पायानं पुसला.

मग मागं आडवा पलंग. कायमचा, घडी नाही, खटका नाही.
बघा की झोपून, म्हणतो बशीर,
आणि पत्र्याच्या खोक्यांचे दोन पुठ्ठे अंथरतो.
ग्राइंडर थांबतो.
पोरं तोंड फिरवून हसतात, चांगली पोरं आहेत.
भिंतीकडे हे, कडेला मी.
वर शेडचे पत्रे, एका पत्र्याला बारीक भोक, त्यातून ऊन.
"आता रात्रीचा दीड वाजलाय," मी सांगते. "उठा."
हे उठतात. एक पाय माझ्यापलीकडे टाकतात,
दुसऱ्याला जागा शोधतात,
कोपर माझ्या बरगडीवर.
"आणि साडेतीनला परत," मी म्हणते.
"आणि पाचला," हेच कबूल करतात, खाली बघून.

पलंग पुसला.

उरलं ते वॉर्डासारखं:
दोन भिंतींना दोन पलंग, मधून रस्ता,
रस्त्याच्या टोकाला संडास, पायाशी मंद दिवा.
उंची एवढी की बसल्यावर टाच टेकावी;
ती मीच बशीरच्या स्टुलावर बसून दाखवली.
बेचाळीस वर्षांत आम्ही वेगळे झोपलो
ते फक्त माझ्या नाइट ड्यूटीला.
दोघंही ते बोललो नाही.
हे टेप उगाचच उघडत राहिले, मिटत राहिले.

"मधी किती सोडू?"
सीपीआरला तीन फूट सोडायचो, ट्रॉलीसाठी.
इथं ट्रॉली यायची नाही, निदान येऊ नये.
मी हिशेब करत होते, तोवर हेच म्हणाले,
"एक हात."
बशीरनं लिहिलं: १८ इंच.

चहा आला. हिशेब झाला, अॅडव्हान्स दिला.
कुठं जायचं ते अजून ठरलेलं नाही;
हे राजस्थान म्हणतात, मी आधी गगनबावडा म्हणते,
काही विसरलं तर परत येता येईल असं.
निघताना बशीर म्हणाला,
"चादरी इलॅस्टिकच्या शिवून घ्या, सिस्टर.
चार कोपरं वढले की झालं, काय वाकायचं न्हाई."

तेवढं सोडून बोल, म्हटलं.
कोपरे मी दुमडणार. दोन्ही पलंगांचे,
मधे उभी राहून, आधी यांचा, मग वळून माझा.
तुला काय वाटलं,
रस्ता कशाला मागितलाय?